कुंडीतला वाफसा

सकाळी पाणी घालायच्या आधी कुंडी काठाला धरून जराशी कलती करावी. बूड बोटभर वर आलं की पुरे. काल पाणी घातल्यावर होती तेवढीच जड लागली तर झारी खाली ठेवायची, हलकी लागली तर पाणी घालायचं. सुरुवातीला काही कळत नाही, सगळ्याच कुंड्या सारख्या वाटतात. पंधरा-वीस दिवसांत मात्र मनगटाला हिशेब यायला लागतो. मग "रोज किती पाणी घालू?" हा प्रश्न विचारावासा वाटत नाही, कारण त्याला एक उत्तर नसतंच. ढगाळ दिवशी वेगळं, वाऱ्याच्या दिवशी वेगळं, रोप वीतभर असताना वेगळं आणि फळांनी लगडल्यावर आणखी वेगळं.

शेतकरी या नेमक्या अवस्थेला वाफसा म्हणतात. ओल आहे पण चिखल नाही. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, अंगठ्याने हलकं ढोसलं तर तो विस्कटतो आणि तळहात फारसा बरबटत नाही. शेतात पाऊस पडून गेल्यावर वाफसा येण्याची वाट बघावी लागते. कुंडीत तो आपोआप येईल याची खात्री नसते, आणि आला तरी टिकत नाही. घरच्या कुंडीत भाजी पिकवण्याचं बहुतेक कसब एवढंच आहे: त्या दहा-वीस लिटरांत वाफसा धरून ठेवायचा. बी कुठलं, खत कुठलं, फवारा कुठला, हे सगळं त्याच्या मागून.

आपण सगळे पाण्याची काळजी करतो. कुंडीत खरी टंचाई असते ती हवेची. मुळंही श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांच्यापर्यंत पोचतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की वाट बंद. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. श्वास कोंडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या गच्च कुंडीतलं रोप मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली. तो आणखी पाणी घालतो. तहानेने गेलेल्या रोपांपेक्षा अशी बुडून गेलेली रोपं जास्त असतील, असं माझं मत आहे.

तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घातला की पाणी नीट निघून जातं, हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे हे पटायला भांडी घासायचा चौकोनी स्पंज पुरतो. स्पंज पाण्यात बुडवून, न पिळता, तळहातावर आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज लांब कडेवर उभा करा: पुन्हा पाणी गळायला लागेल. तेही थांबलं की आखूड कडेवर उभा करा, आणखी गळेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. स्पंजाच्या भोकांत पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता एका ठरावीक उंचीपर्यंतच टिकून राहतं, आणि तेवढा तळाचा थर कायम चिंब राहतो. स्पंज आडवा असताना ती उंची म्हणजे जवळपास सगळा स्पंज. उभा केल्यावर फक्त खालचा तुकडा.

कुंडीतही हेच होतं. पाणी निथळून गेलं तरी तळाशी काही सेंटिमीटरचा थर चिंब राहतो, आणि त्याची जाडी ठरते ती मिश्रणाच्या कणांवरून. मिश्रण बारीक असेल तर थर जाड, भरड असेल तर पातळ. खड्यांचा थर घातला तर हा चिंब भाग नाहीसा होत नाही, खड्यांच्या डोक्यावर चढून बसतो. मुळांना राहायची जागा तेवढी कमी. म्हणून तळाच्या भोकांवर जाळीचा एक तुकडा ठेवला की काम झालं, बाकी वरपर्यंत एकच मिश्रण. आणि त्याच कारणाने, सारखंच मिश्रण मावणाऱ्या दोन कुंड्यांपैकी उथळ पसरट कुंडीपेक्षा खोल कुंडी जास्त समजूतदार.

बागेतली माती थेट कुंडीत का चालत नाही, याचं उत्तरही यातच आहे. जमिनीत ती माती खाली मीटरभर, दोन मीटर सलग असते आणि खालची माती वरचं पाणी ओढून घेते. कुंडीत तीच माती तीस सेंटिमीटरवर कापली जाते. वर रोज झारीचा मारा, त्याने बारीक कण पोकळ्यांत बसत जातात आणि दोन महिन्यांत विटेसारखा गठ्ठा तयार होतो. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत १९३० च्या दशकात कुंड्यांसाठी प्रमाणित मिश्रण बसवलं गेलं तेव्हा त्यात ७ भाग माती, ३ भाग पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) आणि २ भाग वाळू होती. म्हणजे माती वापरायची तरी तिच्यात पाचास सात या प्रमाणात दुसरं काहीतरी घालावं लागलं. वाळूही जाड हवी. बारीक वाळू चिकणमातीत मिसळली तर पोकळ्या उघडण्याऐवजी बुजतात.

घरी करायला सोपं मिश्रण असं: मापाने दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि एक भाग काहीतरी भरड, म्हणजे परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), जाड वाळू किंवा तीन ते सहा मिलिमीटरची विटांची खडी. माप घमेल्याचं असो की डब्याचं, वजनावर जाऊ नये. कोरडं कोकोपीट कापसासारखं हलकं आणि वाळू दगडासारखी जड. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून फुगली की साधारण साठ ते पंचाहत्तर लिटर होते, तेव्हा बादलीत भिजवायला ठेवून दुसऱ्या कामाला लागू नये.

कोकोपीट धुवून घ्यावं, हे पाकिटावर बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. भिजवा, फडक्यात किंवा जाळीत घट्ट पिळा, असं दोन-तीन वेळा करा. एवढं केलं तरी कोकोपीटची एक खोड उरते: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते स्वतःशी धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम सोडतं. सुरुवातीचे काही आठवडे रोपाला कॅल्शियम कमी पडू शकतं. मिश्रणात कंपोस्ट भरपूर असेल तर फारसं बिघडत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेले टोमॅटो मात्र ही उणीव हमखास दाखवतात.

कंपोस्ट पुरतं कुजलेलं हवं. हाताला गरम लागत असेल, आंबूस वास येत असेल, साल-देठ ओळखू येत असतील तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या कंपोस्टातले जिवाणू कुजवण्याच्या कामासाठी नायट्रोजन वापरून टाकतात आणि रोप पिवळं पडतं. वर ऑक्सिजनही तेच खातात, म्हणजे पुन्हा हवेचीच चोरी.

माती बदलायची, खत घालायचं, यावर एवढा वेळ जातो की झाड मुळात कशाचं बनतं हे विसरायला होतं. कुंडीतला सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग याच प्रश्नासाठी झाला. यान बाप्टिस्ट वान हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने २०० पौंड वाळवलेली माती एका मोठ्या कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड आणि काही औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट फक्त २ औंसांची. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की लाकूड, साल, मुळं सगळं पाण्यापासून झालं. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द रूढ केला तो याच माणसाने, आणि कोळसा जळताना निघणारा वायू त्याने वेगळा ओळखलाही होता. तोच कार्बन डायऑक्साइड पानांवाटे त्याच्या झाडात शिरत होता, पण कुंडीकडे बघताना त्याच्या हिशेबात हवा आली नाही.

ते दोन औंस मात्र आपल्या कामाचे. झाडाला मातीतून लागतं ते इतकं थोडं, पण त्याच्याशिवाय चालत नाही. शेतातलं मूळ अन्न शोधत दूर जातं, कुंडीतलं मूळ चार बोटांवर भिंतीला अडतं. शिवाय दर वेळी खालून गळणाऱ्या पाण्याबरोबर नायट्रेट वाहून जातं. त्यामुळे कुंडीला खत थोडं आणि वारंवार लागतं. वर्षातून एकदा दिलेलं जेवण इथे पुरत नाही. लावताना वीस लिटर मिश्रणात पन्नासेक ग्रॅम निंबोळी पेंड, महिन्यातून एकदा वरून दोन मुठी गांडूळखत, आणि फळभाजी फुलावर आली की दर दहा-बारा दिवसांनी विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम, फार तर दीड. पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्यावर राहिलेलं चांगलं. खत नेहमी ओल्या मिश्रणात द्यावं. कोरड्यात दिलं तर मुळं भाजतात.

काय कमी पडतंय हे झाड सांगतं, फक्त कुठलं पान सांगतंय ते बघायचं. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नायट्रोजन कमी, कारण झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्यांना देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. लोह झाडाला एका पानातून दुसऱ्यात हलवता येत नाही. अशा वेळी लोह ओतण्याआधी कुंडी गच्च ओली तर नाही ना हे तपासावं, कारण गुदमरलेलं मूळ लोहही उचलत नाही. पानांच्या कडा तपकिरी करपल्या, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरली, तर क्षार साठलेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून सगळं खालून निघू द्यायचं. टोमॅटोचं झाड गडद हिरवं, जाड खोडाचं, माणसाएवढं वाढलंय आणि फूल नाही, तर नायट्रोजन जास्त झालाय. अशा मऊ लुसलुशीत झाडावर मावाही आधी येतो.

कुंडीचा आकार झटपट सांगून टाकतो. मेथी, पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांना पंधरा सेंटिमीटर खोली पुरते. मुळा-गाजराला पंचवीस ते तीस. मिरचीला दहा-बारा लिटर, टोमॅटो आणि वांग्याला वीस-पंचवीस, काकडीला तीस, दोडका-दुधीला चाळीसच्या पुढे. हे एका रोपाचं माप. एका कुंडीत तीन टोमॅटो लावले तर तीन झाडांची फळं मिळत नाहीत. एकाचीच तिघांत वाटणी होते, आणि पाणी दिवसातून तीनदा घालावं लागतं. फळभाज्यांना सहा ते आठ तास थेट ऊन हवं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. दिवसभर 'उजेड' असणारी जागा म्हणजे उन्हाची जागा नव्हे. सावली कुठून कुठे सरकते ते एक दिवस तासातासाला बघावं आणि मगच बी आणावं. भिजलेली वीस लिटरची कुंडी वीस-पंचवीस किलो भरते, माती जास्त असेल तर त्याहून जास्त. गच्चीवर किंवा सज्जात ओझं कडेला, भिंतीच्या किंवा तुळईच्या आधाराने ठेवावं. कुंडीखाली दोन-तीन सेंटिमीटरची फट हवी, नाहीतर भोकं असूनही ती नसल्यासारखीच.

बी पेरण्यात कोथिंबिरीइतकं फसवं दुसरं काही नाही. धणा हे बी वाटतं, पण ते फळ आहे, आणि आत दोन बिया असतात. तो सपाट जागी ठेवून वाटीच्या बुडाने हलकेच रगडला की त्याचे दोन भाग होतात. जोर जास्त झाला तर चुरा होतो, म्हणून दाबायचं नाही, फिरवायचं. मग रात्रभर पाण्यात, आणि सकाळी एक सेंटिमीटर खोल. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, त्या सवयीने माणूस सहाव्या दिवशी कोथिंबिरीची कुंडी उकरून बघतो आणि नुकते फुटलेले मोड तोडतो. आठ ते बारा दिवस लागतात. उन्हाच्या कडाक्यात त्याहून जास्त, आणि उगवली तरी चार पानं देऊन फुलावर धावते. लेट्यूसचं बी मातीत गाडू नये, त्याच्या बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. मिरचीला पंचवीस ते तीस अंशांची ऊब हवी; गारठ्यात ती तीन आठवडेही हलत नाही. पालेभाजी सगळी एकदम पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी एक कुंडी पेरली की एक संपेपर्यंत दुसरी तयार होते.

उगवलेली रोपं एका रात्रीत बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात, धाग्याने आवळल्यासारखी. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी ती करतात, आणि त्यांना हवं असतं ते दाट पेरलेलं, सतत ओलं, वारा न लागणारं वाफ्याचं तोंड. एकदा पडलेलं रोप वाचत नाही. बी विरळ टाकणं, वरचा पापुद्रा पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये सुकू देणं आणि वारा खेळता ठेवणं, एवढंच हाती आहे.

टोमॅटोचं रोप चार-सहा पानांचं झालं की खालची पानं काढून खोडाचा दोन तृतीयांश भाग मिश्रणात पुरावा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि काडीसारखं लांबलेलं रोपही सावरतं. वांगी-मिरचीला इतकं खोल पुरण्याचा तसा फायदा होत नाही, त्यांना आधीच्या पातळीवरच ठेवावं. घरात वाढलेलं रोप थेट उन्हात नेलं तर पानं पांढरी भाजतात. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावं.

आता पाणी. कुंडी तोलून बघायची कल्पना काही नवी नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीतलं सूर्यफूल घेतलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केलं आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती तोलली. साडेतीन फुटांचं ते झाड बारा तासांच्या दिवसात सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी पानांवाटे उडवत होतं. १७२७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. भर उन्हात फळं धरलेला टोमॅटो दिवसाला दोन-तीन लिटर सहज पितो, म्हणजे वीस लिटरच्या कुंडीत दिवसभराच्या साठ्यापलीकडे फारसं उरत नाही.

घालायचं तर दोन हप्त्यांत. आधी थोडं, मिश्रण ओलावून ते प्यायला तयार करण्यापुरतं. पाच मिनिटांनी उरलेलं, खालून दहावा हिस्सा बाहेर येईपर्यंत. रोज वरवर शिंपडलं तर वरचे चार बोट ओले राहतात, मुळं तिथेच गर्दी करतात, आणि एक दिवस विसरलं की सगळं झाड कोलमडतं. ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावं. दुपारी दोनला पानं लोंबलेली दिसली म्हणून घाबरू नये. पानं उडवतात तेवढं पाणी मुळांना त्या वेळी पुरवता येत नाही, संध्याकाळी ती उभी राहतात. पहाटेही लोंबलेलीच असतील तर काहीतरी खरंच बिघडलंय, आणि ते पाणी कमी की जास्त हे वजन सांगतं.

एक फसगत विशेष आहे. कोकोपीटचं मिश्रण पूर्ण सुकलं की आकसतं आणि कुंडीची भिंत सोडतं. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सुर्रकन खाली उतरतं, तळातून धार लागते, बघणाऱ्याचं समाधान होतं, आणि आतला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. इथे वजन खोटं बोलत नाही: पाणी घालूनही कुंडी हलकीच. ती टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाण्यात अर्धा तास ठेवली की गोळा खालून पाणी ओढतो आणि फुगून पुन्हा भिंतीला टेकतो. वर तीन ते पाच सेंटिमीटर वाळलेल्या पानांचं आच्छादन असेल तर ही वेळ क्वचित येते. आच्छादन खोडाला चिकटवू नये, दोन बोटं जागा सोडावी.

काळ्या प्लास्टिकची कुंडी कडक उन्हात इतकी तापते की भिंतीजवळची मुळं शिजतात. झाडाला ऊन हवं असतं, कुंडीला नको. पश्चिमेकडच्या बाजूला रिकामी कुंडी, फळी किंवा पांढरं कापड आडवं लावलं तरी फरक पडतो. मातीची कुंडी भिंतीतून पाणी झिरपवून गार राहते, म्हणून तिला पाणी जास्त लागतं. कापडी पिशवीत मुळं भिंतीपाशी पोचली की हवा लागून त्यांची टोकं वाळतात आणि मागून नव्या फांद्या फुटतात, त्यामुळे ती गोल गोल फिरत बसत नाहीत. मात्र पिशवी सगळ्या बाजूंनी सुकते. दोन दिवस गावाला जाणाऱ्याने पिशव्यांच्या नादी लागू नये.

टोमॅटोचं फूल एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पाच-सहा पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधे पुंकेसरांची एक निमुळती नळी. पराग त्या नळीच्या आत असतो, स्त्रीकेसरही आतच. बाहेरून कोणी येऊन पराग लावायची गरज नाही, फक्त नळी थरथरायला हवी. भुंगे फुलाला लटकून पंखांचे स्नायू गुणगुणवतात ते त्यासाठीच. उंच मजल्यावर भुंगा येत नसेल तर दुपारच्या आधी घोसाच्या देठामागे बोटाने टिचक्या माराव्यात, किंवा विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला दोन सेकंद टेकवावा. परागाची धूळ सुटताना दिसते, उन्हाच्या तिरिपेत तर स्पष्ट. एवढं करूनही फुलं देठाच्या गाठीपाशी पिवळी होऊन गळत असतील तर हवामान बघावं: दिवसाचं तापमान पस्तीसच्या आसपास किंवा रात्रीचं तेराच्या खाली असेल तर फळ धरत नाही. तिथे खत किंवा औषध काही करू शकत नाही, थांबावं लागतं.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा चट्टा पडतो तो रोग नाही. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि जिथून पाणी जास्त उडतं तिथे, म्हणजे पानांकडे, जातं. फळातून पाणी फारसं उडत नाही. कुंडी एक दिवस सुकी आणि एक दिवस गच्च असेल तर फळाच्या वाट्याला येणारं थोडंसं कॅल्शियमही तुटतं. अंड्याची टरफलं चुरून टाकणाऱ्यांचा उत्साह समजू शकतो, पण टरफलं विरघळायला महिने लागतात आणि मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. उपाय पुन्हा वाफशाचाच. सुकलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं की पिकत आलेलं फळ देठाभोवती तडकतं, तेही याच अनियमितपणाचं. आणि कडक उन्हाळ्यात फळं लाल न होता पिवळट-नारिंगी राहिली तर वाण खराब निघाला असं समजू नये. तीस-बत्तीस अंशांच्या वर लाल रंग देणारं लायकोपिन नीट तयार होत नाही. पहिली लाली दिसताच फळ तोडून घरात, सावलीत ठेवलं तर रंग छान चढतो.

वेलांचं परागीभवन हा त्याहून मोठा विरंगुळा. नर फुलं आधी येतात, आठवडाभर नुसतीच येतात आणि गळतात. त्यात काळजीचं काही नाही. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी किंवा दुधी आधीच असतो. काकडीची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्याचा केसर मादी फुलाच्या मधल्या भागावर फिरवायचा. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उघडतात. दुधीचं फूल पांढरंशुभ्र, पतंगांना अंधारात दिसावं असं. सकाळी ब्रश घेऊन गेलेला माणूस मिटलेली फुलं बघून परत येतो आणि मागचं फळ चार दिवसांत पिवळं पडून झडतं. दिवेलागणीला जायचं, एका नर फुलाने दोन-तीन मादी फुलं उरकतात, आणि आठवड्याने तो बोटभर दुधी मान खाली घालून जाड व्हायला लागलेला असतो.

किडींबद्दल माझं मत थोडं कठोर आहे: फवारणीचं वेळापत्रक ठेवण्यापेक्षा रोज दोन मिनिटं पानांची पाठ बघावी. मावा पहिल्यांदा दिसतो तो शेंड्याच्या एकाच पानामागे, दहा-बारांच्या टोळीत. त्या दिवशी अंगठा फिरवला की काम होतं. आठवड्याने पंप लागतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण असणारच, त्यांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो. मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून लांबट झाली तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. दोघांवर एकच औषध चालत नाही, म्हणून हा फरक बघायचा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी, आणि ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या आत असल्याने वरचा फवारा तिला लागत नाही. पान खुडून टाकावं. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिलिलिटर, ते पाण्यात मिसळावं म्हणून एक-दोन मिलिलिटर द्रवसाबण, आणि ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवर. भर उन्हात तेल पडलं तर पान करपतं आणि दोष किडीला जातो. वेलांच्या पानांवर पांढरी भुकटी, म्हणजे भुरी, आली तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा फवारावं. हे आजीचं औषध वाटेल, पण ब्राझीलच्या वॅग्नर बेट्टिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर ते तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले आहेत.

हंगाम संपला की वाळलेलं झाड कापून कुंडी आडवी करावी, बाजूंना थापट्या माराव्यात आणि आतला गोळा सबंध बाहेर ओढावा. तो तसाच फेकू नये, आधी बघावा. मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर, सगळीकडे पसरलेली, मातीला ओल्या पानगळीचा वास: छान. तळाशी दोरखंडासारखी गोल गोल गुंडाळलेली: कुंडी लहान पडली. एका बाजूची मुळं वाळून तपकिरी: ती बाजू उन्हाने तापत होती. आणि खालच्या चार-पाच सेंटिमीटरात मूळच नाही, किंवा आहे ते काळपट, बोटाने ओढलं की साल निघून येणारं, वास नासक्या अंड्यासारखा, तर वर झाड कितीही हिरवं दिसत असो, पाणी जास्त होत होतं. त्या रेघेवर पट्टी धरून उंची मोजावी. पुढच्या वेळी मिश्रणात भरड भाग किती वाढवायचा ते त्यावरून ठरतं. रोगट मुळांचा गोळा टाकून द्यावा. चांगला असेल तर जाड मुळं काढून, गठ्ठे हाताने फोडून, उन्हात पसरावा, आणि पुन्हा भरताना त्यात एक तृतीयांश नवं कंपोस्ट आणि दोन मुठी परलाइट घालावं. ज्या कुंडीत टोमॅटो होता तिथे लगेच मिरची-वांगं नको, तिघांचे रोग सारखेच असतात. तिथे मेथी टाकावी. तीन दिवसांत वर येते.